बाबांच्या नाकामागचा जॉब

परत येऊन आठ दिवस झाले, आणि जबलपूरच्या महाराजपूर भागातल्या आमच्या कॉलनीत मी एकच गोष्ट दिवसातून दहा वेळा सांगून राहिली आहे. दूधवाल्या भैयाला उभ्या-उभ्या, मिश्रा आंटीला चहासोबत, बाबांच्या फॅक्टरीतल्या लोकांना तर सेक्शनवार. म्हणून म्हटलं चलो, एकदाच सगळं टाइप करून टाकते. ज्याला ब्रेन ट्यूमरचा डॉक्टर शोधायला कधी जावं लागलं नाही त्यानं मजा म्हणून वाचा. ज्याला जावं लागणार आहे त्यानं नागपूरचा भाग दोनदा वाचा.

जबलपूर

आधी बाबा समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. माझे बाबा इथल्या एका डिफेन्स फॅक्टरीत एक्झामिनर आहेत. मशीनवरून पार्ट (फॅक्टरीत त्यालाच जॉब म्हणतात) बनून आला की तो मापायचा, आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. बत्तीस वर्षांपासून हेच काम. घरी पण हेच. आई पोळ्या करते, बाबा पहिली पोळी उचलून खिडकीच्या उजेडात धरतात.

"एका बाजूनं जाड आहे."

"मग रिजेक्ट करा. गाईला देते."

बाबा लगेच खाऊन टाकतात.

तर दिवाळीनंतर बाबा डावा डोळा मिटून फिरायला लागले. आम्हाला वाटलं काही गेलं असेल डोळ्यात. पण समोरच्या मिश्रा आंटी गॅलरीत कपडे वाळत घालून राहिल्या होत्या, बाबा इकडून त्यांना एक डोळा मिटून पाहून राहिले होते, आणि मागे आई उभी होती. बाप्पा! त्या दिवशी आमच्या घरी जे झालं ते मी लिहीत नाही.

"ह्या वयात त्या मिश्राइनला डोळा काहून मारून राहिले तुम्ही?"

"अगं, मला दोन मिश्राइन दिसून राहिल्या आहेत. म्हणून एक डोळा बंद केला."

"काहून? एक पुरत नव्हती का?"

मी हसून-हसून पलंगावर पडली. मग एकदम समजलं की बाबा हसत नाहीत. तीन आठवड्यांपासून त्यांना सगळं दोन-दोन दिसत होतं आणि त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते फॅक्टरीत गेले आणि स्वतःच साहेबांना म्हणाले, मी तीन आठवड्यांत जे पार्ट पास केले ते सगळे पुन्हा चेक करा, माझ्या डोळ्याचा भरोसा नाही. सगळे चेक झाले. एकही चुकीचा निघाला नाही. बाबा हे आजपण सांगतात, आणि सांगताना छाती दोन इंच पुढे येते.

डोळ्याच्या डॉक्टरनं एमआरआय करायला लावला, एमआरआय पाहून राइट टाउनच्या मोठ्या न्यूरोवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं. पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. त्यांनी फिल्म लाइटवर लावली. मग पेन घेऊन दाखवलं. नाकाच्या पार मागे, मेंदूच्या खाली, कवटीच्या बुडाशी जे हाड असतं, त्यात गाठ. नाव कॉर्डोमा. ती डोळा फिरवणाऱ्या नसेला दाबून राहिली आहे, म्हणून दोन दिसतात.

"मैंने ये पूरी ज़िंदगी में एक बार देखा है," ते म्हणाले. "वो भी एग्ज़ाम के पेपर में."

मला ते डॉक्टर तिथेच आवडले. ते म्हणाले, याचं ऑपरेशन नाकातून दुर्बीण टाकून करतात. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या, मागे मेंदूचा देठ. पहिलं ऑपरेशन जो करेल त्याच्यावरच सगळं आहे. अर्धवट झालं तर गाठ परत येते, आणि दुसऱ्या वेळी तिथं काहीच साफ दिसत नाही. "जिसने यही किया हो, बार-बार किया हो, उसी के हाथ में देना. मेरे पास ऐसा नाम नहीं है, बेटा. ढूँढना पड़ेगा."

स्कूटरवर बाबा मागे बसले होते. कधी नव्हे ते माझ्या ड्रायव्हिंगवर एक शब्द नाही. मी घाबरून खोवा जलेबीच्या दुकानापाशी थांबवली. बाबांनी काळी-काळी गरम जलेबी एक डोळा मिटून नीट पाहिली, अर्धी खाल्ली आणि म्हणाले,

"जॉब रेअर आहे. व्हेंडर शोधावा लागेल."

बस्स, तिथून आमची फॅक्टरी सुरू झाली.

मी बँकेच्या परीक्षेची तयारी करून राहिली आहे, म्हणजे घरचं सगळं टायपिंग माझ्याकडे. बाबा खुर्चीत बसून बोलायचे आणि मी इंग्लिशमध्ये मेल बनवायची. मेलचा विषय ऐका. कवटीच्या बुडातील नग एक (१) काढून देण्याबाबत विचारणा. खाली लिहिलं होतं की, हुबेहूब असेच जॉब पूर्वी किती केले ते कळवावे, रिजेक्शनचा तपशील द्यावा, कोणते टूल वापरता ते लिहावे. शेवटी बाबांचं नाव आणि त्याखाली 'एक्झामिनर'.

"बाबा, हे टेंडर वाटून राहिलं."

"टेंडरच आहे."

"डॉक्टर लोक चिडतील ना."

"चिडू दे. चिडला की समजते, उत्तर नाही त्याच्याकडे."

अकरा दवाखान्यांच्या वेबसाइटवरून पत्ते काढले आणि पाठवून दिलं. सहा दिवस झाले, एकाचंही उत्तर नाही. बाबा रोज सकाळी विचारायचे, "व्हेंडरचं काही आलं?" आणि आई स्वयंपाकघरातून भांडं आपटायची.

नागपूर

सातव्या दिवशी मामाचा फोन आला. राजूमामा माझ्या आईचा लहान भाऊ, नागपूरला असतो, आणि त्याची ओळख सगळीकडे असते. शहरातल्या एका मोठ्या सर्जनची अपॉइंटमेंट त्यानं कोणाच्या कोणाला सांगून मिळवली होती, नाहीतर महिनाभराची लाइन. आम्ही सिवनीच्या रस्त्यानं बसनं गेलो. प्रवासाचं सांगायचं तर जंगल सुंदर आहे, माकडं रस्त्यावरच बसतात, आणि आईनं खिडकीची सीट कोणालाच दिली नाही.

नागपूरला उतरलं की मला पहिले तर्री पोहे लागतात. आमच्याकडे पोह्यांसोबत जलेबी असते, गोड आणि शांत. इथे पोह्यांवर लाल तर्री ओततात आणि तुम्ही रडत-रडत खाता. मराठी पण इथली तर्रीवाली आहे. आमची जबलपूरची मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीच्या घरी जाऊन बसते. मामाच्या पोरी हसतात मला. मी म्हणते हसा, तुम्हाला तर हिंदीत भांडतापण येत नाही.

मामानं दवाखान्याच्या दारातच बाबांचा हात धरला. "भाऊजी, हात जोडतो. फक्त हो म्हणा. तुमचं ते एक्झामिनरपण बाहेर ठेवा."

"बरं," बाबा म्हणाले. मला तेव्हाच समजलं की ठेवणार नाहीत.

डॉक्टर उंच, गोरे, घड्याळ असं की नजर तिथेच जाते. फिल्म त्यांनी अर्धा मिनिट पाहिली. "निघेल. हंड्रेड परसेंट निघेल. परवा ॲडमिट व्हा, शुक्रवारी करून टाकू."

मामाच्या चेहऱ्यावर दिवे लागले. आईनं डोळे मिटून हात जोडले. आणि बाबांनी खिशातून ती छोटी डायरी काढली.

"साहेब, असे किती केले?"

"मी वीस वर्षांपासून ब्रेनच्याच सर्जरी करतो."

"ब्रेनच्या नाही साहेब. हाच. कॉर्डोमा."

"बघा, सर्जरी इज सर्जरी."

"हो साहेब. पण किती?"

डॉक्टरांनी फिल्म परत पाकिटात घातली. मामानं टेबलाखालून बाबांच्या पायावर पाय ठेवला, तो चुकून माझ्या पायावर पडला.

"दोन," डॉक्टर म्हणाले.

"आणि ते दोघं आता कसे आहेत?"

ह्या प्रश्नाला डॉक्टरांनी बेल वाजवली. बाहेरून पुढचा पेशंट आत आला आणि आम्ही बाहेर गेलो.

मामाच्या घरी जे भांडण झालं, त्यात मी कोणाच्या बाजूनं होती हे मलाच माहीत नव्हतं. मामा म्हणे, "तुम्ही दाखवायला गेले होते का इंटरव्ह्यू घ्यायला? मी किती लोकांचे पाय धरले त्या नंबरसाठी!" बाबा म्हणे, "राजू, हंड्रेड परसेंट म्हणणाऱ्या मशीनवाल्याला मी आजपर्यंत पास केलं नाही. मापात थोडं इकडेतिकडे असतेच. जो सांगतो किती इकडे, किती तिकडे, त्याला आपलं मशीन माहीत असते."

"भाऊजी, हे मशीन नाही! हे तुमचं डोकं आहे!"

"म्हणूनच तर."

मग आई बोलली. आई ओरडली असती तर बरं होतं. ती हळूच म्हणाली, "गाठ थांबून राहणार आहे का तुमच्या चौकशीसाठी? कालपासून तुम्ही उजव्या हातानं ग्लास धरता, तो हलते. मी पाहते. मला काहीच दिसत नाही असं वाटते का तुम्हाला?"

बाबांनी उजवा हात मांडीखाली घेतला. मला वाटलं, आता हो म्हणतील. खरं सांगते, मला पण वाटत होतं की म्हणावं. शुक्रवार जवळ होता, डॉक्टर समोर होता, आणि आमच्या अकरा मेलचं तर एक अक्षर आलं नव्हतं. मामा म्हणाला, दवाखाना बेड संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवतो, नंतर दुसऱ्याला जाईल.

साडेचारला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. इंग्लिश आणि हिंदीची खिचडी, वर दक्षिणेचा सूर. कोइंबतूरच्या एका दवाखान्यातून बोलून राहिले होते.

"मॅडम, आप कौन सा मशीन सप्लाय करता?"

"जी?"

"आपका मेल मिला. स्कल का काम. हमारे पास ड्रिल दो है, अभी नया नहीं चाहिए. लेकिन आप टूल का डिटेल पूछा, रिजेक्शन पूछा, बहुत प्रोफेशनल मेल. कैटलॉग भेजो."

मी फोन हातानं झाकून पहिले हसून घेतलं. बाबांचं टेंडर त्यांच्या रिसेप्शननं सरळ स्टोअर खात्यात टाकलं होतं! सेल्वम नाव त्यांचं, स्टोअर मॅनेजर, दवाखान्याची सगळी हत्यारं-पट्ट्या-मशीन त्यांच्याच हातानं येतात. त्यांना वाटलं जबलपूरहून कोणी ड्रिल विकून राहिलं आहे.

"सर, मशीन नहीं है," मी म्हटलं. "पापा हैं."

तिकडून त्यांनी परत विचारलं.

"पापा?"

"जी. ट्यूमर मेरे पापा को है. वो फैक्ट्री में एग्ज़ामिनर हैं. उनको ऐसे ही लिखना आता है."

"अय्यो," सेल्वम सर म्हणाले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "वन मिनट. नहीं, वन अवर. मैं खुद ऊपर लेके जाता."

पावणेसहा झाले. मामा घड्याळ पाहून राहिला, आई मला पाहून राहिली, बाबा मुद्दाम भिंतीकडे पाहत होते. मग फोन आला, आणि ह्या वेळी एका बाईचा आवाज, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम स्वतः.

"ये मेल किसने लिखा?"

"पापा ने बोला, मैंने टाइप किया."

"बीस साल में पहला पेशेंट है जिसने रिजेक्शन पूछा." मागे कोणीतरी हसलं. "फिल्म भेजो अभी. देख के बताती हूँ."

दहा मिनिटांत उत्तर आलं. हीच गाठ मी वर्षानुवर्षं काढते, हिशोब इथे येऊन पाहा. घेऊन या, उशीर नको.

सहाला पाच कमी असताना बाबांनी मामाला सांगितलं, बेड सोडून दे. मामा दोन दिवस बाबांशी बोलला नाही. पण स्टेशनवर सोडायला तोच आला, आणि पिशवीत संत्र्याची बर्फी ठेवून गेला, न बोलता.

कोइंबतूर

नागपूरहून आम्ही एकदा घरी गेलो, कपडे आणि रेफर लेटर घ्यायला, आणि आईनं तेवढ्या वेळात जवळच्या पनागरहून ताजे मटार मागवले. दहा किलो! "लोकांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?" जबलपूरच्या थंडीत मटार म्हणजे सोनं, हे आम्हाला माहीत. पण कोइंबतूरच्या गाडीत तामिळनाडूपर्यंत आमच्या सीटखाली मटार, आणि बाबा सगळ्या डब्याला शेंगा सोलायला लावून राहिले. तिथल्या एका आजींनी अर्धा किलो सोलून दिले आणि बदल्यात लिंबाचं लोणचं दिलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती.

उतरलो तेव्हा आई स्वेटर, शाल, कानटोपीत. तिथले लोक हाफ शर्टमध्ये. एका पोरानं आईला बोट दाखवून आपल्या आईला काहीतरी विचारलं. आई म्हणे, "काय म्हणून राहिला तो?" मी म्हटलं, "विचारून राहिला की ह्यांच्याकडे बर्फ पडते का." मी बनवलं, पण आईनं लगेच कानटोपी काढली.

खाण्याचं सांगते. सकाळी इडली, दुपारी केळीच्या पानावर भात, संध्याकाळी पुन्हा इडली. बाबांनी इडलीला पहिल्याच दिवशी पास केलं. म्हणे, "बघ, सगळ्या एका मापाच्या. साचा आहे." आईला लागलं ते, आणि पोळी तिथे कुठेच मिळत नव्हती म्हणून काही बोलता पण येईना. कॉफी इथं एका वाटीतून दुसऱ्या वाटीत हातभर उंचीवरून ओततात. मी करून पाहिली. लॉजवाल्या अण्णांनी फडकं आणून दिलं.

आता गडबड ऐका. डॉक्टर मॅडमची वेळ अकराची. साडेदहाला बाबा गायब! लॉजच्या खोलीत नाहीत, खाली नाहीत, फोन पलंगावर. आईचा चेहरा पांढरा पडला. एक डोळा मिटून फिरणारा माणूस, अनोळखी शहर, भाषा नाही. मी धावत बाहेर गेली. लॉजच्या मागे एक गल्ली, आणि गल्लीत काय असावं? लेथ मशीन! इकडे एक, तिकडे एक, सगळी गल्ली पंपाचे पार्ट बनवून राहिली होती. लोखंडाचा, तेलाचा तो वास आला आणि मला समजलं की बाबा आपल्या पायानं नाही, नाकानं चालत गेले.

तिसऱ्या दुकानात सापडले. लुंगीवाला मालक बाजूला उभा, आणि बाबा एक डोळा मिटून त्याचा पंपाचा शाफ्ट व्हर्निअरनं मापून राहिले होते. बाबांनी मान हलवली. मालकाचे डोळे मोठे झाले.

"रिजेक्टा?"

"रिजेक्ट."

त्यानं व्हर्निअर हिसकावून स्वतः मापलं. दोनदा. मग बाबांकडे पाहिलं आणि एकदम हसला, आत ओरडून कॉफी मागवली.

"बाबा! अकरा वाजून राहिले! आई रडून राहिली आहे तिकडे!"

मालकाला भाषा समजली नाही, पण पोरगी बापाला काहून रागावते ते जगात सगळीकडे समजते. त्यानं बाबांना हातानंच विचारलं, कुठे? बाबांनी आपल्या डोक्याला बोट लावलं आणि मी दवाखान्याचं नाव सांगितलं. त्याचं हसू गेलं. त्यानं मशीन बंद केलं, चालू जॉब तसाच चकमध्ये, मशीनच्या पकडीत, सोडला, मोपेड काढली, आणि बाबांना मागे बसवून दवाखान्यात सोडलं. आई आणि मी ऑटोनं मागून. मोपेडवर बसतानाच बाबांनी हळूच विचारलं होतं, "बेटा, आईला काय सांगशील?" मी म्हटलं, "खरं." बाबा म्हणे, "मग कॉफीचं नको सांगू."

डॉक्टर मॅडम एवढ्याशा. माझ्या खांद्याला येतील. केस पांढरे, कापलेले, पायात साध्या चपला. दिल्लीला शिकल्या म्हणून हिंदी येते, पण शब्द सरळ रेषेत येत नाहीत. बाजूला सेल्वम सर, गोल चेहऱ्याचे, आपल्या ड्रिलवाल्या फोनमुळे अजून लाजून राहिलेले. आईनं मटारची पिशवी त्यांच्या हातात दिली तेव्हा तर त्यांना कुठे पाहावं ते समजेना.

बाबांनी डायरी काढली. मॅडम म्हणाल्या, "रुको. आप बैठो, मैं दिखाती."

त्यांनी कपाटातून एक लांब, जाड, कापडी पाठीचं रजिस्टर काढलं. टेबलावर उघडलं आणि नावांच्या रकान्यावर एक स्टीलची पट्टी ठेवली, नाव दिसू नये म्हणून. फक्त वय, माप, काय केलं, काय झालं. हातानं लिहिलेलं. हीच गाठ, पानंच्या पानं. निळ्या पेनानं खूप. मधेमधे लाल.

"लाल?" बाबांनी विचारलं.

"रिजेक्शन," मॅडम म्हणाल्या. हसल्या नाहीत.

बाबांनी एका लाल ओळीवर बोट ठेवलं. आईनं त्यांचा शर्ट ओढला. पण मॅडम बोलल्या. सुरुवातीची केस होती. गाठीचा एक पापुद्रा रक्ताच्या नळीला चिकटला होता. "मुझे सब निकालना था. मैं छोटी थी, सब निकालना था. नली फट गई." मग म्हणाल्या, "उसके बाद मैं उस जगह हाथ रोकती."

मग त्यांनी बाबांची फिल्म लावली आणि पेन्सिलनं दाखवलं. इथून इथपर्यंत काढेन. हा डाव्या नळीला चिकटलेला पातळ थर, हा सोडेन. मागाहून चेन्नईला एक खास रेडिएशन असते, प्रोटॉन म्हणतात, त्यानं तो भाजायचा. डोळा सुधारेल असं वाटते, पण वचन नाही. नाकातून पाणी गळू शकते. हात हलतो तो मेंदूच्या देठावरच्या दाबानं, तो जायला पाहिजे.

"पूर्ण काहून नाही काढत?" आईनं मराठीतच विचारलं, घाबरून.

मॅडमना समजलं नाही. उत्तर बाबांनी दिलं, मराठीतच. "पूर्ण काढणारा नागपूरला भेटला ना तुला."

मग मॅडमकडे वळून म्हणाले, "मॅडम, आप पास."

सेल्वम सर इतके खूश झाले की जणू त्यांनीच ऑपरेशन करायचं होतं.

पण बाहेर आल्यावर बाबा कॉरिडॉरमध्ये नळाजवळ थांबले आणि खूप वेळ तोंड धूत राहिले. मी मागे गेली. पाणी चालू होतं, खिशातली डायरी भिजून राहिली होती, आणि त्यांना समजलंपण नव्हतं. मी पहिल्यांदाच पाहिलं की माझे बाबा घाबरू शकतात. त्यांनी आरशात मला पाहिलं.

"तुला काय वाटते, बेटा? बरोबर केलं ना मी?"

आजपर्यंत बाबांनी मला कधी विचारलं नव्हतं बरोबर का चूक. ते काम त्यांचंच. मी म्हटलं, "बाबा, ती लाल ओळ त्यांनी लपवली असती, तर मी तुम्हाला इथून पळवून नेलं असतं." बाबांनी नळ बंद केला. ओल्या हातानं माझे केस विस्कटले, जे मला अजिबात आवडत नाही, आणि त्या दिवशी आवडलं.

ऑपरेशन सकाळी सातला सुरू झालं. त्या दिवसाचं मी जास्त लिहीत नाही. आई एका खुर्चीत बसली ती उठलीच नाही. मी कॉरिडॉरच्या फरशा मोजल्या. सेल्वम सर दर तासाला खाली येऊन सांगायचे, "मशीन सब ठीक चल रहा," कारण त्यांना तेवढंच माहीत असायचं. दुपारी त्यांनी डबा आणला. घरून. त्यांच्या बायकोनं आमच्या मटारचा सांबार केला होता. आई म्हणे, मटारचा सांबार, हे काय आहे, आणि दोन वाट्या खाल्ला. ऑपरेशनमध्ये नवरा असताना आपण दोन वाट्या खाल्ल्या म्हणून मग रडली.

साडेचारला मॅडम आल्या. टोपीची खूण कपाळावर, डोळे लाल.

"जितना बोला, उतना निकाला. जितना छोड़ना बोला, उतना छोड़ा."

आई त्यांच्या पाया पडायला वाकली, आणि त्या इतक्या छोट्या की दोघींची डोकी आपटली.

बाबांना नाकात बोळे, मांडीवर टाके (तिथून चरबी काढून नाकामागचं भोक बुजवतात, खरंच!), आणि हुकूम, की शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून. तिसऱ्या दिवशी बाबांना शिंक आली. सगळा वॉर्ड "तोंड! तोंड!" ओरडला, चार भाषांत. बाबांनी तोंड उघडून असा काही आवाज काढला की बाजूचा पेशंट उठून बसला. पाणी गळलं नाही. हात हलायचा थांबला. सरळ पाहिलं की आता एकच दिसते. डावीकडे पाहिलं की अजून दोन. मॅडम म्हणतात, नसेला महिने लागतात. चेन्नईला प्रोटॉनसाठी दीड महिन्यानं जायचं आहे.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी बाबा मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हणाले, मला माझी ओळ दाखवा.

मॅडमनी रजिस्टर उघडलं, शेवटचं पान. स्टीलची पट्टी ठेवली. ओळ होती, पण निळी नाही, लालही नाही. पेन्सिलनं लिहिलेली. मी वाकून पुन्हा पाहिलं. त्या दिवशी आम्ही जुनीच पानं पाहिली होती, पेन्सिल कुठे दिसलीच नव्हती.

"पेन्सिल काहे को, मॅडम?" बाबांचा आवाज बदलला.

"पाँच साल तक पेन्सिल. सबका. पाँच साल गाँठ नहीं आया, तो पेन से नीला. पहले कैसे लिखूँ?"

बाबांनी मान हलवली. ही गोष्ट त्यांना इतकी पटली की चेहरा उजळला. मग ते वाकले, म्हणजे वाकायला मनाई म्हणून मी रजिस्टर उचलून वर धरलं, आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, साइज अडतीस लिखा है. आपकी रिपोर्ट में छत्तीस है."

आईनं कपाळावर हात मारला. "अहो, आता तरी!"

मॅडमनी रिपोर्ट काढली. पाहिली. खोडरबर काढलं, अडतीस पुसलं, छत्तीस लिहिलं. मग पेन्सिल बाबांसमोर धरली आणि ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. "चेक किया न आपने? साइन करो, एग्ज़ामिनर."

बाबांनी पेन्सिल हातात घेतली, एकदा मॅडमकडे पाहिलं, आणि परत टेबलावर ठेवून दिली.

"अभी नहीं, मॅडम. फाइनल चेक के बिना हम साइन नहीं करते. पाँच साल बाद आऊँगा. पेन लेकर."